विनाकारण

वयात येणाऱ्या मुलांच्या हाती उदास पुस्तकं देऊ नयेत, असं माझं मत होतं आणि ते मी बिनदिक्कत सांगत असे. शाळेत मराठी शिकवत होते तेव्हाही, आणि निवृत्तीनंतर घोटीतल्या एका लहानशा वाचनालयाच्या पुस्तक निवड समितीवर आले तेव्हाही. खरेदीला पैसा बेताचाच. त्यात मुलांसाठी काय घ्यायचं ती यादी माझ्याकडे. फास्टर फेणे, बोक्या सातबंडे, गडकिल्ले, शास्त्रज्ञांची चरित्रं. ज्यात कोणी दार लावून बसतंय, जेवत नाही, रात्ररात्र जागतंय, जिवाचं बरंवाईट करून घ्यायचं मनात आणतंय, असं पुस्तक आलं की मी ते मुकाट मोठ्यांच्या कपाटात सरकवायची. मुलींच्या बाबतीत तर माझा हात आणखीच आखडता.

हे मत हवेतून आलं नव्हतं. आमच्या भागात पाऊस मुरला की भाताची आवणी सुरू होते आणि वर्गातल्या मुली दिसेनाशा होतात. परततात तेव्हा पायांच्या बोटांत चिखल्या झालेल्या असतात, बेंचखाली चपला काढून पाय वाऱ्याला धरून बसतात. दहावी, फार तर बारावी, की पाहुणे येऊ लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठरा पुरं व्हायच्या आत झालेलं निघालं. त्यातल्या काही आकड्यांना मी हजेरीपटावर नावानिशी ओळखते. असल्या पोरींना दोन घटका हसू द्यावं, लांबचं काही दाखवावं. त्यांच्या पुढ्यात आणखी दुःख कशाला वाढायचं, असा माझा सरळ हिशेब होता. मनाच्या आजाराच्या गोष्टी म्हणजे इंग्रजी शाळांतल्या, स्वतंत्र खोली असलेल्या मुलांच्या गोष्टी, असंही मी म्हटलेलं आहे, तेही चारचौघांत.

मत बदलायला लागलं ते पेन्सिलीच्या टिंबांमुळे.

मिलिंद बोकिलांची 'शाळा' २००४ साली आली. आणीबाणीच्या दिवसांतला नववीचा वर्ग, मुकुंद जोशी, त्याचे मित्र आणि शिरोडकर. ही कादंबरी मी किशोरांच्या कपाटात ठेवली होती, कारण ती मला हसरी वाटे. एक मुलगी ती घेऊन गेली. वर्गणीचं कार्ड भावाच्या नावावर, वाचणारी ही. हे आमच्याकडे सर्रास चालतं. पुस्तक परत आलं तेव्हा समासात ठिकठिकाणी बारीक टिंबं. पुस्तकावर खुणा करणाऱ्याला मी दंड लावते, म्हणून तिला थांबवलं. ती म्हणाली, "बाई, शिरोडकर जिथं बोलती ना, तिथं केल्यात. म्हटलं बघावं किती बोलती." मी पानं उलटत गेले. जोशीचं मन पानापानांतून वाहतंय. त्याला काय वाटतं, तो कुठल्या कोपऱ्यावर किती वेळ थांबतो, तिने मान वळवली तर त्याच्या पोटात काय होतं. आणि टिंबं तेवढी थोडी, मधे पानंच्या पानं कोरी. मग तिने विचारलं, "ती गाव सोडून गेली, त्याचं त्याला वाईट वाटलं ते लिहिलंय. पण तिला घरी काय बोलले असतील?"

या कादंबरीवर मी वर्गात भरभरून बोललेली बाई. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. दंड काही लावला नाही, खोडरबर दिला. तिने चार-दोन टिंबं खोडली आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघून गेली. बाकीची अजून आहेत.

यात बोकिलांना बोल लावायचा नाही. नववीतल्या मुलाच्या डोळ्यांनी सांगायची म्हटल्यावर त्याला दिसेल तेवढंच येणार, आणि ते त्यांनी इतकं चोख पकडलंय की आमच्या हायस्कुलातली पोरंही त्यात आपला वर्ग ओळखतात. पण त्या टिंबांची नजर घेऊन मी घरातली जुनी पुस्तकं काढली, तेव्हा जे दिसायला लागलं ते मात्र मला सुखासुखी पचलं नाही.

'मराठीत तरुण मनाच्या पडझडीवर कोणी लिहीतच नाही' असं मी म्हणत असे. साफ चूक. भरपूर लिहिलंय, फक्त ते मन मुलाचं आहे. 'कोसला' १९६३ची. नेमाडे तेव्हा पंचविशीत, त्यांचा पांडुरंग सांगवीकरही पंचवीस वर्षांचा. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला जातो, पैसे उधळतो, अभ्यास सोडतो, हळूहळू सगळ्यातूनच त्याचं लक्ष उडत जातं. आज एखाद्या डॉक्टरने वाचलं तर तो लगेच काहीतरी लिहून देईल अशी लक्षणं. त्या कादंबरीच्या मध्यावर मनी मरते, धाकटी बहीण, देवीच्या साथीत. तिच्या मरणाने पांडुरंग जो फुटतो ती पानं मराठीत अजोड आहेत, आजही मला ती सलग वाचवत नाहीत. तरीही आता मला ते दिसतं: मनीच्या वाट्याला मरण आलं, मन पांडुरंगाच्या. प्रकाश नारायण संतांचा लंपन घ्या. आईवडिलांपासून दूर आजीआजोबांकडे ठेवलेला. त्या पोराच्या मनातलं पान हललं तरी संतांनी नोंदवलंय. त्याच्या शेजारची सुमी किती लख्ख आहे, पण तिला आपण लंपनच्या खांद्यावरून पाहतो.

योगायोग असा की १९६३च्याच जानेवारीत लंडनला 'द बेल जार' निघाली. सिल्व्हिया प्लाथने ती टोपणनावाने छापली आणि पुढच्याच महिन्यात ती गेली. माझ्या भाचीने ती मला वाचायला दिली. इंग्रजीत, शब्दकोश बाजूला घेऊन, मी ती पावसाळाभर पुरवली. कॉलेजातली हुशार मुलगी, शिष्यवृत्त्या मिळवणारी, न्यूयॉर्कला एका मासिकात महिनाभर काम करायला निवडली गेलेली. सगळं मिळतंय, आणि आतून काहीतरी विझत चाललंय. मी शिक्षिकेच्या सवयीने कारण शोधत राहिले. वडील लहानपणी गेले, हे आहे. एक मुलगा खोटा निघाला, हेही आहे. पण एवढ्यावरून हे होत नाही. लेखिका ते कारण म्हणून पुढे करतही नाही. तिच्या नायिकेला आजार होतो, बस. पांडुरंगाला आम्ही जशी विनाकारण उदास व्हायची मुभा दिली आणि वर त्याला थोर म्हटलं, तशी मुभा तिथे एका मुलीला होती.

आमच्याकडे ती नाही, गोष्टीतही नाही आणि घरातही नाही. मुलगा महिनाभर गप्प राहिला तर 'त्याचं डोकं चाललंय कशाततरी' म्हणून सोडून देतात. मुलगी आठवडाभर गप्प राहिली की चौकशी सुरू. कोणाशी बोलत होती? मोबाइल बघू. प्रेमप्रकरण सापडलं नाही तर बाहेरचं असणार; मग भगत, मग अंगारा, आणि शेवटी 'आता हिचं बघून टाकू'. घोटीपासून हाकेच्या अंतरावर इगतपुरीत धम्मगिरी आहे. १९७६पासून जगभरची माणसं तिथे दहा दिवस मौन पाळून स्वतःच्या मनाकडे बघायला येतात. स्टेशनवर त्यांना रिक्षा दाखवणारे आम्हीच. पण आपल्या घरातली मुलगी दहा दिवस गप्प बसली तर आमचा जीव वरखाली होतो.

मुलींचं मन लिहायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' आलं. शिकलेल्या, लग्न न झालेल्या, घरच्यांचा संसार ओढणाऱ्या मुली. त्यांना काय हवंसं वाटतं, काय जाचतं, ते त्यांच्याच तोंडून. गदारोळ उठला आणि जो तो लेखिका कोण ते हुडकायला निघाला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. वाचकांनी मुलींच्या निःश्वासांपेक्षा बाईंच्या पत्त्याचा शोध जास्त घेतला, असं मला ते प्रकरण वाचताना वाटलं.

आणि त्याच १९३३च्या फेब्रुवारीत, आमच्यापासून पाऊण-एक तासावरच्या नाशिकच्या तुरुंगात, साने गुरुजी 'श्यामची आई' लिहीत होते. अवघ्या पाच दिवसांत ती लिहून झाली. या पुस्तकाबद्दल माझं मत विशेष वाईट होतं. रडकं पुस्तक, पोरांना मुळूमुळू करणारं. वर्गात ते शिकवताना मी त्यातला स्वच्छतेचा, खरेपणाचा, अभ्यासाचा भाग उचलायची आणि अश्रूंवरून घाईघाईने पुढे जायची. आता पुन्हा वाचलं तेव्हा पहिल्याच रात्रीला अडखळले. आई तापाने खंगलेली, वटसावित्रीच्या प्रदक्षिणा तिच्याने होईनात; ती श्यामला म्हणते, माझ्याऐवजी तू घाल. श्याम लाजतो. वडाभोवती सगळ्या बायका, आणि त्यात हा एक मुलगा, हसतील सगळे. आई त्याला समजावते की देवाच्या कामाची कसली आलीय लाज, आणि तो जातो. बायकांचं व्रत एक मुलगा करतो, हे मराठीतल्या सर्वांत घरोघरी गेलेल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण! मी ते वर्षानुवर्षं मातृभक्तीच्या खात्यात टाकून मोकळी झाले होते. पुढेही श्याम घरकामाला हात लावतो, घाबरतो, हट्ट करतो, रडतो, आणि लेखकाला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

हा श्याम म्हणजे खुद्द साने गुरुजीच. हा मुलगा पुढे मोठा झाला, अमळनेरच्या छात्रालयात विद्यार्थ्यांच्या खोल्या झाडणारा मास्तर झाला, पुतणी सुधाला साप्ताहिकातून सुंदर पत्रं लिहिणारा काका झाला. आणि ११ जून १९५० रोजी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. आम्ही हे मुलांना सांगत नाही. मी तर 'निधन झाले' एवढंच फळ्यावर लिहायची. नंतर वाटायला लागलं की ज्याने महाराष्ट्रातल्या मुलग्यांना रडायची परवानगी दिली, त्याचं स्वतःचं मन काळोखात गेलं होतं हे लपवून आपण कोणाला वाचवतोय? त्यांच्या जाण्याला लोकांनी कारणंही मोठमोठी दिली: स्वातंत्र्यानंतरचा भ्रमनिरास, देशाची दशा. असतीलही. पुरुषाच्या उदासीला देश पुरतो. मुलीच्या उदासीला एक मुलगा शोधावा लागतो.

अर्थात पुस्तकातला मुलगा रडतो म्हणून घोटीतला रडतो असं नाही. जवळच्या गोंदे गावातल्या कंपन्यांत तिन्ही पाळ्यांना जाणारी माझी जुनी मुलं भेटतात. 'कसा आहेस' म्हटलं की 'एकदम ओके' म्हणतात आणि नजर बाजूला. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, सर्वांत जास्त महाराष्ट्रात, २२,७४६. आणि देशभरच्या आकड्यात शंभरातले जवळपास बहात्तर पुरुष. म्हणजे मुलीला दुःखाचं कारण विचारून विचारून हैराण करतात आणि मुलाला विचारतच नाहीत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीने २०१५-१६मध्ये १३ ते १७ वर्षांच्या मुलांत मनाचे विकार पाहिले, ते ७.३ टक्के निघाले, मुलगे-मुलींत फारसा फरक नाही. चाळीसच्या वर्गात तिघे. माझे वर्ग साठ-सत्तरचे असत.

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ची. ती मी किती वर्षं मोठ्यांच्या कपाटात, तिथेही मागच्या ओळीत ठेवली होती, हे सांगायला नको. पुण्यातलं घर, वर राहायला आलेला एक भाडेकरू, आणि त्याच्या प्रेमात पडलेले तनय आणि अनुजा, सख्खे बहीणभाऊ. तो अनुजाला घेऊन निघून जातो आणि तिला टाकतो. तनयचा अर्धा भाग त्या निघून गेलेल्याशी बोलणं आहे, अनुजाचा रोजनिशी. तनय मोडलाय, पण कशाने ते घरात कोणाला सांगता येत नाही. अनुजा मोडलीय, आणि तिला त्या एका कारणाशिवाय दुसरं काही कोणी विचारत नाही. एकाच घरातली दोन दुःखं किती वेगळी वागवली जातात, हे मला या पुस्तकाने जितकं दाखवलं तितकं कुठल्याही व्याख्यानाने दाखवलं नव्हतं. आता ती पुढच्या ओळीत आहे. सोळाच्या पुढच्या मुलांना देते. एका पालकांनी येऊन विचारलंही, 'हे काय ठेवता तुम्ही?' मी त्यांना वाचायला दिलं. परत आणून टेबलावर ठेवलं, काही बोलले नाहीत.

माझं जुनं मत मी सगळंच सोडलेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. काही पुस्तकं मी अजूनही देत नाही. अमेरिकेत २००७मध्ये 'थर्टीन रीझन्स व्हाय' ही किशोरांची कादंबरी आली: एक मुलगी जीव देते आणि जाण्याआधी तेरा कारणं ध्वनिफितींवर बोलून ठेवते. २०१७मध्ये नेटफ्लिक्सने त्याची मालिका काढली. तिच्यातलं मरणाचं दृश्य इतकं उघडंवाघडं होतं की डॉक्टरांच्या आणि पालकांच्या विरोधानंतर २०१९च्या जुलैत ते कापावं लागलं. मरणाची रीत दाखवणारं, मरणाला सूड किंवा पराक्रम करून मांडणारं काही मी पोरांच्या हाती देणार नाही. तिथे माझी जुनी भीती शाबूत आहे. पण माझं लक्ष वेधलं ते नावाने. मुलगी मेली तर एक नाही, तेरा कारणं. जणू कारणांची पावती फाडल्याशिवाय तिचं दुःख खरं धरलं जाणार नाही.

'कोसला' द्यायची की नाही, यावर माझं अजून ठरत नाही. एका मुलाला दिली, त्याने चार दिवसांत संपवून दुसरी मागितली. दुसऱ्याला दिली नाही, कारण त्याच्या डोळ्यांत मला काहीतरी बरं वाटलं नाही. त्याच्याशी आधी बोलले, आणि त्याच्या मोठ्या भावाशीही. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर परतीच्या तारखांचा कागद असतो, त्याखाली आता मी १४४१६ हा आकडा लिहून ठेवते. टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची फुकट दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, मराठीतही बोलता येतं. जागतिक नकाशाच्या पुस्तकावरही लिहिलाय. सगळ्याच पुस्तकांवर असला की कोणाला तो आपल्यासाठी लिहिलाय असं वाटून लाजायला नको.

आमच्या वाचनालयाचं एक हस्तलिखित निघतं. मागचे अंक या नजरेने चाळले तर मुलींनी लिहिलेल्या गोष्टींतही नायक मुलगेच. राजू, संजू, कोणीतरी अनाथ, कोणीतरी शास्त्रज्ञ. या वर्षी एका अकरावीतल्या मुलीची गोष्ट आली आहे, वेगळी. गोष्टीतली मुलगी एका सकाळी अंथरुणातून उठत नाही. घरात भांडण नाही, मार्क चांगले, आई प्रेमळ, वडिलांची दारू नाही. पलीकडच्या भात गिरणीचा पट्टा सुरू होतो, खिडकीच्या जाळीवर कोंड्याची धूळ बसत राहते, आणि ती पडून त्या जाळीची भोकं मोजते. आई दोनदा चहा गरम करून आणते. तिसऱ्यांदा आई चहा न आणता नुसतीच येऊन शेजारी पडते. एवढीच गोष्ट.

समितीत वाचून झाली तेव्हा सगळ्यांचं एकच. काही घडतच नाही, आणि तिला झालंय काय? एक सर म्हणाले, नापास तरी दाखवा. दुसऱ्यांनी सुचवलं, आई सावत्र केली तर जमेल. मी म्हटलं, आहे तशी घ्या. खूप वाद झाला. माझ्याच जुन्या वाक्यांनी माझ्याशी वाद झाला, 'हळव्या वयात कशाला' वगैरे. त्या मुलीच्या कानावर हे कुठूनतरी गेलं. ती येऊन म्हणाली, "बाई, पाहिजे तर शेवटी लग्न ठरवते तिचं, मग कारण होईल." नको म्हटलं. अध्यक्षांनी गोष्ट घरी वाचायला नेली आहे. पुढच्या बैठकीत मतदान आहे. आम्ही पाच जण, आणि माझ्या बाजूने आतापर्यंत दोघं.